इंजिनाला घातलेला हार

नवलराव देसल्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की त्यांचं जळगावातलं घर आधी सावध होतं आणि मग हात टेकतं. टेलिफोन ऑफिसात उभी हयात 'लाइन चालू करूनच घरी जाईन' या एका हट्टावर काढलेला माणूस. निवृत्त झाले तोवर खांब गेले, लाइनी गेल्या, हट्ट तेवढा शिल्लक राहिला. तो कुठंतरी लागायलाच हवा होता. तो फोटोंवर लागला.

फोटो म्हणजे नातवंडांचे किंवा सहलीतले नव्हेत हो. ज्या वस्तूंचे दिवस भरले, अशा वस्तूंचे जुने फोटो. ट्रंक कॉल जोडायचा बोर्ड, एस.टी.च्या कंडक्टरची तिकिटांची पेटी, रॉकेलच्या रांगेत माणसांऐवजी उभे केलेले डबे, गच्चीवर अँटेना फिरवत 'आता दिसतंय का' असं ओरडणारा कुणी गृहस्थ. असले फोटो कुणी मुद्दाम काढत नाही, म्हणून नवलराव लोकांच्या लग्नाचे अल्बम मागून आणायचे आणि मागचा भाग मोठा करून घ्यायचे. एका नवरदेवाने आपला फोटो परत मागितला, तेव्हा त्याच्या हातात आंदणातला रेडिओ पडला. नवरा-नवरी कडेला कापले गेले होते. त्या घराशी देसल्यांचं बोलणं अजून बंद आहे.

"वस्तू गेल्या तेव्हा माळा मोकळा झाला म्हणून मी पेढे वाटणार होते," सुलक्षणाबाई, म्हणजे नवलरावांच्या सौ., म्हणायच्या, "आता त्यांचे फोटो येऊन बसलेत माळ्यावर. तेही काचेच्या फ्रेमा करून."

या टोमण्याने नवलराव दुखावले. दुखावलेला माणूस एक तर गप्प बसतो, नाही तर प्रदर्शन भरवतो. नवलराव गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

कॉलनीजवळच्या सार्वजनिक वाचनालयात एक हॉल होता. त्याचे सेक्रेटरी भूपेंद्र चौधरी. स्वभावाने माणूस वाईट नाही, पण 'हो' हा शब्द तोंडातून काढायचा तर कार्यकारिणीची सभा लागायची त्यांना. ती सभा दोन महिन्यांत तीनदा भरली. पहिल्या सभेत 'कालबाह्य म्हणजे नेमकं काय' यावर चर्चा झाली. रॉकेलच्या स्टोव्हचा फोटो पाहून एक सभासद चिडले, कारण त्यांच्या घरी सिलिंडर संपलं की अजून तोच पेटायचा. दुसऱ्या सभेत नवलरावांनी आणलेल्या गठ्ठ्यात एक फोटो निघाला: लाकडी कप्प्यांचं कपाट आणि त्यात पुस्तकांची कार्डं. भूपेंद्ररावांनी तो चष्मा वर करून पाहिला, चष्मा खाली करून पाहिला.

"हे आपल्या वाचनालयातलं कपाट आहे."

"हो. तुमच्याच जुन्या स्मरणिकेतला फोटो."

"हे आम्ही आजही वापरतो, देसले!"

मग काय! पुढचा पाऊण तास नवलराव दिलगिरी व्यक्त करत होते आणि कपाटाचा फोटो गठ्ठ्यातून बाद झाला. तिसऱ्या सभेत एकदाचा हॉल मिळाला, दसऱ्यानंतरचा रविवार आणि सोमवार. त्यालाही एक शेपूट होतं.

"हे बघा," भूपेंद्रराव म्हणाले, "हा हॉल स्पर्धा परीक्षेच्या क्लासवाल्यांनी मागितलाय. पण तुमचे फोटो पाहायला दोन्ही दिवस माणसं आली, तर समोरची अख्खी भिंत कायमची तुमच्या फोटोंना देऊ. नाही आली, तर मंगळवारी क्लासची बाकं लागतील आणि फोटो तुमच्या माळ्यावर."

कायमची भिंत! नवलराव घरी आले ते चालत नव्हे, तरंगतच. आता प्रश्न एकच उरला होता, माणसं आणायची कुठून.

यावर सल्ला द्यायला शेजारचे राजदीपसर तयारच होते. सर शाळेतून निवृत्त झाले होते, सल्ल्यातून नाही. ते म्हणाले, "नवलराव, आजकाल फोटो बघायला कोणी येत नाही, फोटो काढून घ्यायला येतात. सेल्फी पॉइंट ठेवा." मग म्हणाले, नाश्ता ठेवा, पोहे नको, पोहे घरी मिळतात, शेव-भाजी ठेवा. मग म्हणाले, मोठा माणूस उद्घाटनाला आणा, म्हणजे त्याच्या मागची पन्नास माणसं फुकट. नवलरावांनी तोही प्रयत्न केला. पहिल्या मोठ्या माणसाला त्या दिवशी मुंबईला जायचं होतं, दुसऱ्याला धुळ्याला, आणि तिसऱ्याने विषय ऐकून 'मला कालबाह्य वस्तूंच्या कार्यक्रमाला का बोलावता' असं विचारून फोन ठेवला.

"मग उद्घाटन तुमच्या मायच्या हातून करा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "त्या कुठं जाणार आहेत?"

भागाबाई, नवलरावांची माय, ऐंशी ओलांडलेल्या. दात दोन, पण जीभ पूर्ण. माहेर पारोळ्याच्या अलीकडचं. त्या बाल्कनीत बसून हरभऱ्याची डाळ निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता विचारलं, "माले काय करनं पडी?"

"फीत कापायची, माय."

"कापसू. पण माणसं येतीन का रे? मना भाऊ आधार बी भाऊबीजले येत नही आते, तुना फोटो देखाले कोन ई?"

हे बोलणं नवलरावांना लागलं. त्यांच्या मामांचं, आधार मामांचं येणं खरंच बंद झालं होतं. भांडण नाही, तंटा नाही. आज कपाशीची वेचणी, उद्या गुडघे, परवा 'पुढच्या वर्षी बघू'. असं करता करता माणसंही फोटोतल्या वस्तूंसारखी होतात, वापरातून जातात. पण नवलराव खचणाऱ्यांतले नव्हते. भिंत घ्यायचीच, माणसं आणायचीच, असं त्यांनी पुन्हा एकदा मनाशी घट्ट केलं.

आता खरी भानगड सुरू होते ती खंडेनवमीला.

खंडेनवमीला आपण काय करतो? हत्यारं, यंत्रं पुजतो. देसल्यांच्या घरी पाटावर रांग लागली: स्कूटर दारात, शिलाई मशीन, मिक्सर, नवलरावांची जुनी पक्कड आणि टेस्टर. झेंडूचे हार सुलक्षणाबाईंनी स्वतः ओवले, तेही असे की मिक्सर दिसेना. सगळ्यांना घालून एक हार उरला. नवलरावांना वाटलं, आपल्या फोटोंतली यंत्रं बिचारी कुणी पुजायची? त्यांनी त्यातला सगळ्यात लाडका फोटो आणून पाटावर उभा केला.

तो फोटो होता ऑइल इंजिनाचा. भागाबाईंच्या माहेरी विहिरीवर पहिलं इंजिन आलं, तेव्हाचा. मधोमध इंजिन, त्याच्या हँडलवर वाकलेला जवान आधार, त्याची फक्त पाठ आलेली, आणि मागे, दिवाळीला माहेरी आलेल्या भागाबाई, डोक्यावर पदर, कपाळाला आठ्या. आठ्या त्यांना तेव्हाही होत्या. त्यांचा त्या वयातला दुसरा फोटो जगात नाही.

नवलरावांनी इंजिनाला हळद-कुंकू लावलं, फ्रेमला हार घातला, उदबत्ती लावली. सुलक्षणाबाईंचा हार तो, भरगच्च! त्याच्या झोळात अख्खं इंजिन बुडालं, आधार मामांची पाठ बुडाली. वर उरल्या फक्त भागाबाई. नवलरावांना कुठं भान? त्यांच्या लेखी ते इंजिनाच्या पूजेत होते. त्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि 'आपला गोतावळा' नावाच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं की आज आपल्या इंजिनाची पूजा केली, रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे, सर्वांनी यावे. आणि याआधीच्या सहा निमंत्रणांना कुणी अंगठासुद्धा दाखवला नव्हता, या रागात त्यांनी तो ग्रुप बंद करून ठेवला, तो पुन्हा उघडलाच नाही.

इथंच तर गफलत झाली! अहो, फोटोला हार आणि समोर उदबत्ती दिसली की खालचा मजकूर कोण वाचतं? डोळ्यांत पाणी येतं, त्यात रविवार, सकाळी दहा आणि वाचनालयाचा हॉल एवढंच दिसतं. तासाभरात तिकडे गावात वार्ता गेली: भागा आक्का गेली, रविवारी शोकसभा. मौतीच्या घरी फोन करून 'खरं का हो' असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. लोक एकमेकांना विचारतात आणि गाडी ठरवतात. शोक होता त्यापेक्षा राग जास्त. मातीला बोलावलं नाही! माहेरचं लुगडं अंगावर घातल्याशिवाय बाई उचलली! देसल्यांना शहरात राहून रीतभात उरली नाही, असं पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं.

यातलं काहीएक इकडे माहीत नाही. रविवारी सकाळी हॉलमध्ये फोटो लागले. हार पूजेचा, सुकला तरी विसर्जनाआधी काढायचा नाही, अशी सुलक्षणाबाईंची ताकीद. म्हणून इंजिनाचा फोटो हारासकट दारासमोरच्या टेबलावर ठेवला. टेबल डागाळलेलं, म्हणून त्यावर पांढरी चादर. उद्घाटन म्हटल्यावर समई आली. राजदीपसरांनी उत्साहाने आणखी दोन उदबत्त्या लावल्या. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या ओळी. सगळी तयारी अशी चोख की बघणाऱ्याने चप्पल बाहेर काढून मान खालीच घालावी.

दहा वाजले. कुणी नाही. सव्वादहा झाले. वर्तमानपत्र वाचायला आलेला एक जण दारातून डोकावला आणि समई पाहून पाय न वाजवता परत गेला. भूपेंद्रराव घड्याळाकडे पाहत होते आणि क्लासची बाकं किती बसतील याचा अंदाज घेत होते. भागाबाईंना ताटकळत बसवायला नको म्हणून मागच्या खोलीत चहा-बिस्किटं देऊन बसवलं होतं. नवलराव फोटोपाशी उभे. मान आपोआप खाली गेली होती. डोक्यावर केस त्यांच्या चाळिशीपासूनच नाहीत.

तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. एक क्रूझर, मागे दुसरी, मागे एक पिकअप. माणसं उतरायला लागली ती संपेचनात. टोप्या, उपरणी, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाया. सगळ्यांनी चपला काढल्या आणि एका रांगेत, एक शब्द न बोलता आत आले. सुलक्षणाबाईंनी राजदीपसरांकडे पाहिलं, राजदीपसरांनी शेव-भाजीच्या पातेल्याकडे.

पहिल्या म्हातारीने हार घातलेला फोटो पाहिला आणि हंबरडा फोडला. मग बायांनी एकदम सूर धरला. पुरुष उपरण्याने डोळे टिपू लागले. एकाने येऊन नवलरावांना मिठी मारली, त्यांच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "रीत पाळली, बरं केलं."

नवलरावांचे डोळे भरून आले. देवा रे! एवढी माया! आम्ही उगाच लोकांना नावं ठेवत होतो. जुन्या इंजिनासाठी रडणारी माणसं या जगात आहेत, आणि ती माझ्या गोतातली आहेत! त्यांनी भूपेंद्ररावांकडे विजयी नजर टाकली. भूपेंद्ररावांनी बिचाऱ्यांनी काही न समजून हात जोडले.

मग रांगेतून आधार मामा पुढे आले. गुडघ्यांवर हात टेकत, काखेत कागदात बांधलेलं एक पुडकं. चेहरा रडून सुजलेला आणि रागाने तांबडा, दोन्ही एकदम.

"कव्हय?" त्यांनी विचारलं.

"काय कधी, मामा?"

"कव्हय गयी?"

नवलरावांना वाटलं, विहिरीवरची इंजिनाची जोडणी कधी गेली ते विचारतात. "अहो, तुमच्याकडे लाइट आली आणि काढलं की विहिरीवरून. पस्तीस वर्षं तरी झाली असतील."

मामा मटकन खुर्चीत बसले. मागच्यांत कुजबुज झाली: पस्तीस वर्षं! पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. एक बाई सुलक्षणाबाईंना पोटाशी धरून म्हणाली, "तू तरी धीर धर, माय." सुलक्षणाबाई कशाचा धीर धरायचा ते शोधत होत्या.

आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. भागाबाई बाहेर आल्या. अंगावर नवं पातळ, उजव्या हातात फीत कापायची कात्री. रडण्याचा आवाज ऐकून त्यांच्या आठ्या वाढल्या होत्या.

"कोन मरनं रे?"

हॉलमध्ये जे झालं ते काही फार शोभेसं झालं नाही. खुर्च्यांच्या दोन ओळी आडव्या झाल्या. हंबरडा फोडणारी म्हातारी 'अगे माय' म्हणून राजदीपसरांच्या मागे लपली. दोघं जण दाराबाहेर जाऊन चपला घालून पुन्हा आत आले. आधार मामा तेवढे बसले होते तिथंच बसून राहिले. त्यांनी एकदा फोटोतल्या बहिणीकडे पाहिलं, एकदा कात्रीवालीकडे.

"आक्का," ते म्हणाले, "तू मरनी ना?"

"मी काब्रं मरू? मनं उद्घाटन शे!"

मग उलगडा व्हायला लागला. कुणी मोबाइल काढला, कुणी चष्मा काढला, पहिल्यांदाच खालचा मजकूर मोठ्याने वाचला गेला. कुणीतरी हार बाजूला सारला आणि मागून इंजिन निघालं. कुणीतरी हसलं. मग जे हसू फुटलं, ते रडण्यापेक्षा मोठं होतं. नवलराव मात्र कोपऱ्यात लाल होऊन उभे होते. म्हणजे ही माणसं आपल्या फोटोंसाठी आलीच नव्हती! माणसाचा एवढा अपमान टेलिफोन ऑफिसात वरिष्ठांनीही केला नव्हता.

भागाबाई भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ते काखमा काय शे?"

मामांनी पुडकं मागे लपवायचा प्रयत्न केला. माहेरचं शेवटचं लुगडं ते. बायांनी तोंडावर पदर धरले, "नको आक्का, हात नको लावू." भागाबाईंनी ते ओढून घेतलंच. कागद फाडला, पदराचा पोत दोन बोटांत धरून पाहिला.

"चांगलं शे. महाग शे." मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "इतला वरीस भाऊबीजले एक चोळी लई उना नही तू. नी मरावर लुगडं लई उना?"

आधार मामांनी मान खाली घातली. कपाशी, गुडघे, पुढच्या वर्षी बघू, यातलं एकही कारण त्या लुगड्यापुढे उभं राहीना.

"मी हाई दिवायीले नेससू," भागाबाई म्हणाल्या आणि लुगडं खांद्यावर टाकून त्यांनी कचकन फीत कापली.

आली होती ती माणसं मग फोटो पाहू लागली. पाहू कसली, भांडू लागली. कुणाला तिकिटांच्या पेटीत आपला जुना कंडक्टर सापडला. कुणी म्हणालं, रॉकेलच्या रांगेतला तो चेपलेला डबा आमचा. दोघांत अँटेनावाला गृहस्थ कुणाचा काका यावरून जुंपली. आधार मामा इंजिनाच्या फोटोसमोर वाकून उभे राहिले, अगदी फोटोतल्यासारखे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट लावून दाखवू लागले, "हाई मनी पाठ शे." शेव-भाजी दुपारपर्यंत पुरली नाही. वर्तमानपत्रं वाचणारेसुद्धा आत आले. नवलरावांचा अपमान हळूहळू उतरला, कारण प्रत्येक फोटोपाशी त्यांना कुणी ना कुणी हाक मारत होतं.

भूपेंद्ररावांना मात्र मुद्दा सापडला होता.

"देसले, ही गर्दी धरता येणार नाही. ही माणसं दुःखाला आली होती, प्रदर्शनाला नाही. उद्या कोण येतं ते बघायचं."

नवलराव काही बोलणार तोच गाड्यांचे हॉर्न वाजले. मंडळी निघाली. निघाली तीही सवयीने तशीच, मान खाली घालून, एक शब्द न बोलता. दुःखाच्या घरून निघताना आपण 'येतो' म्हणत नाही. पुन्हा असं यायला लागू नये म्हणून म्हणत नाही. सकाळी बांधून आणलेली ती मुकी रीत कुणाच्या तोंडावरून अजून सुटली नव्हती.

भागाबाई दारात आडव्या झाल्या. हातात अजून कात्री.

"अशा नका जाऊ! मी जित्ती शे. 'येसू' म्हना, मंग पाय काढा बाहेर."

सगळे थबकले. नवलरावांना काय वाटलं कोण जाणे, तेही जाऊन मायच्या शेजारी उभे राहिले. "आणि उद्यासुद्धा उघडं आहे," ते म्हणाले. दार अडवायचं म्हणजे अडवायचं.

पहिली म्हातारी पुढे झाली, "येसू, आक्का." मग एकेक जण दारात थांबून, पाया पडून म्हणत गेला. येसू. येसू. दिवाळीले येसू. उद्या पोऱ्यासले संगे लई येसू. भूपेंद्ररावही गर्दीतून निसटू पाहत होते. त्यांनाही भागाबाईंनी सोडलं नाही. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, कार्यकारिणीतलं कुणी जवळ नव्हतं. "येतो, आजी," ते हळूच म्हणाले.

हॉल रिकामा झाला. बाहेर गाड्या सुरू झाल्या. आत इंजिनाच्या फोटोसमोर आधार मामा तेवढे खुर्चीत बसून होते. क्रूझरवाल्याने दोनदा हॉर्न दिला. कुणीतरी मामांनाच 'आबा, चला' अशी हाक मारली. मामा हलले नाहीत.

"आधार," भागाबाई दारातूनच म्हणाल्या, "गाडी जाई ऱ्हायनी. येसू म्हन."

"येसू काब्रं म्हनू?" मामा म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी जाईच नही ऱ्हायनू."

भागाबाईंनी खांद्यावरचं लुगडं सारखं केलं आणि भावाच्या शेजारची खुर्ची ओढून तिच्यात बसल्या.